घाटात थांबलेली सुनंदाताई

सुनंदाताई पुलाखाली गाडी उभी करायची नाही. सिग्नल लाल असो, मागे दहा गाड्यांची रांग असो, रेल्वेचा पूल डोक्यावर येणार असेल तर ती दोन गाड्यांची जागा सोडून अलीकडेच थांबायची. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. या देशात सहसा कोणी हॉर्न वाजवत नाही, त्यामुळे तो वाजला की लाजेने माझी मान खाली जायची. ताई आरशात बघून शांतपणे म्हणायची, "वाजवू दे की. त्याच्या डोक्यावर आभाळ आहे. पुढं गेले तर माझ्या डोक्यावर पूल येईल."

आणि ही बाई न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये बस चालवायची.

मी शिकायला म्हणून २०१२ साली तिथे पोचले आणि हॉर्नबी या उपनगरातल्या तिच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली. ताई मूळची मिरजेची. तिचा नवरा ट्रकच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. तो अचानक गेला, तेव्हा ताई पंचेचाळिशीला टेकली होती. सगळ्यांना वाटलं, ही आता परत जाणार. तिने जड वाहनांचा परवाना काढला. मुलाखतीत तिला विचारलं, "तुम्हाला एवढी मोठी गाडी चालवायची भीती वाटत नाही?" ती म्हणाली, "वाटते. खूप वाटते." नोकरी मिळाली. हे सांगताना ती नेहमी वर जोडायची, "ज्याला भीती वाटत नाही त्याच्या बसमध्ये मी तरी चढणार नाही."

मी राहायला आले त्याच आठवड्यात, दुपारी जेवताना जमीन हलली. शहर मोडून टाकणाऱ्या मोठ्या भूकंपाला वर्ष उलटून गेलं होतं, पण मागचे धक्के चालूच होते. मला काही कळायच्या आत ताईने माझ्या दंडाला धरून मला टेबलाखाली ओढलं. वर ताटं खडखडत होती. माझे दात वाजत होते. थांबल्यावर मी रडायला लागले, तर तिने मला जवळ वगैरे घेतलं नाही. म्हणाली, "भ्यालीस, बरं झालं. आता काय काय हललं ते सांग." मी हुंदके देत सांगितलं, फ्रिज हलला, दिवा हलला, खिडकीची काच वाजली. "कपाट?" मी म्हटलं, "कपाट नाही हललं." "शाबास," ती म्हणाली. "कपाट मी भिंतीला स्क्रूने बसवलंय. बघितलंस ना तू? भ्यायचं, पण डोळे मिटायचे नाहीत." आणि तिने मला अर्धी राहिलेली भाकरी संपवायला लावली.

मोठ्या भूकंपाच्या दिवशी ती बसवर होती. ते तिने मला स्वतःहून कधी सांगितलं नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत कोणीतरी सांगितलं की त्या दुपारी तिने बस रस्त्याच्या मधोमध थांबवली आणि दार उघडलंच नाही. बाहेर विजेच्या तारा पडल्या होत्या. लोक ओरडत होते, एका मुलीने दारावर लाथा मारल्या, पण ताई म्हणत राहिली, "आत बसा, मी सांगते ना, आत बसा." सगळे सुखरूप घरी गेले. हे ऐकून मी ताईकडे बघितलं, तर ती प्रसादाच्या वाट्या मोजायला आत निघून गेली होती.

आमच्यात तिसरा होता निखिल. पुण्याचा. माझ्यासारखाच विद्यार्थी म्हणून आला आणि एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामाला लागला. दर रविवारी ताईकडे जेवायला यायचा. त्याला एका अमेरिकन बँडचं वेड होतं. त्यांचे म्हणे दोन कार्यक्रम कधी सारखे होत नाहीत. एक गाणं सुरू करतात आणि एकमेकांकडे बघत चाळीस चाळीस मिनिटं नेतील तिकडे नेतात. जॅम बँड म्हणतात त्याला. निखिलकडे त्यांची शेकडो रेकॉर्डिंग होती. त्याने ते ताईला समजावून सांगायला सुरुवात केली, तेव्हा ती पीठ मळता मळता म्हणाली, "कळलं की. माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. नवरदेव मांडवाच्या दारात पोचेपर्यंत थांबायचं नाही, असा नियम. मित्र नाचत बसले की वरात हलायची नाही. मग ते एकच गाणं ताणायचे. कधी कधी तास तास." निखिल तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने टेबलावर बोटांनी त्या बँडचा एक ठेका धरला. तीन, दोन, दोन. तीन, दोन, दोन. "हा तर रूपक ताल," ताई म्हणाली.

२०१७च्या सुरुवातीला, तिथल्या उन्हाळ्यात, तो बँड न्यूझीलंडला आला. कार्यक्रम होता आमच्या दक्षिण बेटाच्या पार वरच्या टोकाला, गोल्डन बेमधल्या एका शेतात, उघड्यावर. निखिलने आम्हा दोघांची तिकिटं काढली. ताईने विचारलं, "जाणार कुठून?" आदल्या नोव्हेंबरात झालेल्या भूकंपाने समुद्राकाठचा हमरस्ता बंद पडला होता, आणि सगळे ट्रक डोंगरातल्या लुईस पास या घाटातून जात होते. अरुंद रस्ता, एकेरी पूल. माझ्याकडे तेव्हा पक्का परवाना नव्हता. निखिलकडे होता, पण गाणं लागलं की गाडी चालवताना तो डोळे मिटायचा. ताईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाली, "अजून एक तिकीट काढ. मी रजा टाकते."

पहाटे पाचला निघालो. पास चढताना समोरून एकामागोमाग एक ट्रक येत होते. प्रत्येक ट्रक गेला की आमची छोटी गाडी हवेने बाजूला ढकलली जायची. ताई स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून स्वतःशी बोलत होती. "ट्रेलर आहे. मागं अजून एक आहे. डावीकडं जागा आहे. नाही, संपली." तिला प्रत्येक वळणावर भीती वाटत होती आणि ती भीती मोठ्याने बोलून दाखवत होती. निखिल मागच्या सीटवरून म्हणाला, "ताई, तू असं बोलत राहिलीस तर मला हार्ट अटॅक येईल." ती म्हणाली, "मग झोप. बघायचं काम माझं आहे."

मर्चिसनला थांबून डबा खाल्ला, तेव्हा पाऊस सुरू झाला होता. दुपारी एकच्या सुमारास टाकाका घाटाच्या पायथ्याशी पोचलो. गोल्डन बेच्या खाडीकडे जायला हा एकच रस्ता, डोंगरावरून चढून पलीकडे उतरणारा. कार्यक्रम तीनला सुरू होणार होता. निखिल पुढच्या सीटवर येऊन बसला होता आणि डॅशबोर्डवर तोच ठेका वाजवत होता. चढावर धुकं लागलं. पंधरा-वीस पावलांपुढचं दिसेना. पाऊस छतावर असा वाजत होता की बोलणं ऐकू येईना.

मग एका वळणावर ताईने गाडी बाजूच्या मोकळ्या जागेत घेतली आणि बंद केली.

"काय झालं?" निखिलने विचारलं.

"पाणी बघ," ती म्हणाली. रस्त्यावरून पाण्याचा ओघळ येत होता. "मघाच्या वळणावर स्वच्छ होतं. इथं गढूळ आहे. आणि खडे येतायत त्यातून. वर माती सुटलीय."

"ताई, इथे रोज पाऊस पडतो. लोक रोज जातात."

"जात असतील. मी नाही जाणार."

आमच्या मागे एक कॅम्परव्हॅन येऊन थांबली, त्यात एक म्हातारं जोडपं होतं. त्यांच्या मागून एक यूट आली, मागे उघडा हौदा असलेली, शेतकरी वापरतात तसली. ती चालवणारा माणूस तिथलाच असावा. त्याने काच खाली करून विचारलं. ताईने त्याला इंग्रजीत सांगितलं. तो हसला. "शी'ल बी राइट," म्हणाला. म्हणजे, काही होत नाही. वर म्हणाला, मी आयुष्यभर हाच रस्ता चढतोय. निखिल एकदम गाडीतून उतरला आणि त्याने विचारलं, "मला नेशील?" तो म्हणाला, "स्वीट ॲज." म्हणजे, खुशाल बस.

ताईनेही उतरून निखिलचा हात धरला. "निखिल, नको."

"ताई, मी बारा वर्षं वाट बघतोय," तो म्हणाला. त्याचा आवाज चिडलेला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. "तू प्रत्येक गोष्टीला घाबरतेस. पुलाला घाबरतेस. मी असं नाही जगू शकत." त्याने हात सोडवून घेतला. यूट धुक्यात शिरली. तिचे लाल दिवे थोडा वेळ दिसले, मग तेही गेले.

ताई पावसात तशीच उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, कारण खरं सांगायचं तर मलाही निखिलचंच म्हणणं पटत होतं.

किती वेळ गेला माहीत नाही. एखादं मिनिट असेल. मग आवाज आला. आधी झाडं मोडल्याचा, मग त्याच्या मागून एक जाड, खालचा आवाज. तो कानांनी ऐकू आला त्याआधी पायांत आला. जमीन थरथरली. मी गाडीच्या दाराला धरलं आणि मला वाटलं, भूकंप. ताईला काय वाटलं असेल ते तिचा चेहरा बघून कळत होतं. त्यावर रंगच नव्हता.

पण ती हलली. तिने कॅम्परव्हॅनवाल्या आजोबांना सांगितलं, गाडी वळवा, खाली जा, फोन लागेल तिथून पोलिसांना कळवा. आमच्या कोणाच्याही फोनला रेंज नव्हती. मग डिकीतून तिने तिचं बसवरचं पिवळं जाकीट काढून घातलं, मला म्हणाली, "दरीच्या बाजूनं चाल, डोंगराच्या नको," आणि आम्ही वर निघालो. मी तिचा हात धरला होता.

दुसऱ्या वळणावर रस्ता संपला. पुढे चिखल, मोठाले दगड आणि मुळांसकट आडवी झालेली झाडं. सगळं अजून हळूहळू सरकत होतं, एखादा दगड मधूनच सुटून दरीत जात होता. ताई ओरडली, "निखिल!" उत्तर नाही. तिने पुन्हा हाक मारली. मी पण मारली. मग धुकं जरा विरळ झालं आणि पलीकडे, चाळीस-पन्नास पावलांवर, निखिल दिसला. उभा होता. त्याच्या मागे यूट होती. दरड त्यांच्या पाठीमागे कोसळली होती, ते थोडक्यात वाचले होते.

मला हुंदका फुटला. आणि त्याच क्षणी निखिल आमच्याकडे यायला निघाला. तो त्या चिखलात उतरत होता.

"मागे फिर!" ताई ओरडली.

"ताई, मी येतो! एवढंसंच तर आहे!"

"पाय मागे घे! वर जा! त्या गाडीत बस आणि वर जा!"

"वर पण पडेल!" तो रडत होता. "वर काय आहे ते कुणाला माहीत? मला तुमच्याकडे येऊ दे!"

"मला माहीत आहे!" ताई किंचाळली. "मला माहीत आहे वर काय आहे ते! वर जा!"

तो थांबला. एक पाय चिखलात, एक डांबरावर. ताई हात वर करून ओरडतच होती, "जा, जा, जा." मग तो वळला. त्याने धावत जाऊन यूटचं दार उघडलेलं मी बघितलं. धुकं पुन्हा दाटलं.

त्यानंतर दोन मिनिटंही झाली नसतील. दुसरी दरड कोसळली, पहिलीहून मोठी. ताईने मला मागे खेचलं आणि आम्ही दोघी रस्त्यावर पडलो. उठलो तेव्हा समोर नुसता पांढुरका अंधार होता आणि दगड दरीत पडत गेल्याचा आवाज येत होता. निखिल जिथे एक पाय ठेवून उभा होता ती जागा आता नव्हती. पण तो गेला कुठवर? गाडी सुरू झाली होती का? वरच्या वळणावर काही पडलं असेल तर? आम्ही हाका मारल्या. काही नाही. ताई रस्त्यावर बसली आणि दोन्ही तळहात तिने ओल्या डांबरावर टेकवले, जणू जमिनीला धरून ठेवत होती. "मी पाठवलं त्याला," ती म्हणाली. "मी पाठवलं."

तेवढ्यात वरून, खूप लांबून, गाडीचा हॉर्न ऐकू आला. आधी मला कळलंच नाही. मग पुन्हा आला. तीन, दोन, दोन. तीन, दोन, दोन.

ताईने मान वर केली नाही. ती तिथेच बसून जमिनीवर बोटं आपटायला लागली, त्या हॉर्नबरोबर.

पोलीस आले, रस्त्याची माणसं आली, आम्हाला खाली मोटुएकाला पाठवलं. आम्ही एका मोटेलात खोली घेतली. संध्याकाळी उजेड असतानाच निखिलचा फोन आला. तो त्या शेतात पोचला होता. यूटवाल्याने त्याला एकटं सोडलं नव्हतं. स्वतः तिकीट काढून त्याच्या शेजारी उभा होता. निखिल म्हणाला, "मी अजून त्या चिखलातच आहे. मला काही ऐकूच येत नाहीये नीट. तुम्ही ऐका." आणि त्याने फोन हवेत धरला.

आम्ही फोन स्पीकरवर टाकून खोलीच्या पायरीवर ठेवला. आवाज फाटका येत होता, मधेच वारा, मधेच लोकांची आरोळी. तरी गिटार कळत होती, ती एका सुरावर घुटमळत पुढे जायची वाट शोधत होती. ताई चहाचा कप हातात धरू शकत नव्हती, म्हणून तो मी धरला होता. बराच वेळ ऐकल्यावर तिने विचारलं, "पुढं काय वाजवायचं ते यांनाही माहीत नसतं ना?"

"नसतं," मी म्हटलं.

"मग भीती वाटत असेल काय ग त्यांना?"

"असेल."

"कळत नाही बघ ऐकताना," ती म्हणाली. थोड्या वेळाने फोन कटला.

तीन दिवसांनी रस्त्याचा एक पट्टा मोकळा झाला आणि निखिल खाली आला. त्याने ताईच्या पायांवर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "ऊठ, भाकरी खाल्लीस का?"

त्यानंतर निखिल जिथे जाईल तिथे ही गोष्ट सांगायला लागला. ताईने पाणी बघून ओळखलं. ताईला माहीत होतं. मंडळात लोक तिला वेगळ्याच नजरेने बघायला लागले. या टेकडीवर घर घेऊ का, या आठवड्यात आर्थर्स पासवरून जाऊ का, मुलाला या वाऱ्यात बोटीवर पाठवू का, असं विचारायला लागले. ताई काहीतरी बोलून सुटका करून घ्यायची. घरी आल्यावर मात्र तिचा चेहरा उतरलेला असायचा. जेवण कमी झालं. एके दिवशी तिने सांगितलं की तिने बसची नोकरी सोडली आणि ती ऑकलंडला, पापाटोएटोला बहिणीकडे राहायला जाणार आहे.

मी भांडले. तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, "मला माहीत आहे, असं ओरडले ना मी त्याला? मला काही माहीत नव्हतं, प्राजे. वर काय आहे ते मला दिसत नव्हतं. गढूळ पाणी बघितलं होतं, तेवढंच. त्याला वर पाठवलं आणि वर दरड पडली असती तर?" मी काही बोलणार तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "बसमध्येही तसंच. ती पोरगी दारावर लाथा मारत होती. तिची आई घरी एकटी होती. मी म्हटलं, बस आत, मी सांगते ना. मला काय ठाऊक होतं? शेजारची इमारत आमच्यावर पडली असती तर? दोन्ही वेळा मी नुसती बोलले आणि ते खरं ठरलं. आता लोकांना माझा आवाज खरा वाटतो. पूल पडायची भीती असते ना, तशी मला आता त्या आवाजाची भीती वाटते."

विमानतळावर तिला सोडायला मी आणि निखिल दोघेही गेलो होतो. तिने त्याला लोणच्याची बरणी दिली, मला कपाटाचे जास्तीचे स्क्रू दिले. आत जाताना तिने मागे वळून बघितलं नाही.

२०१९ मध्ये तिच्या बहिणीचा फोन आला. छोटंसं आजारपण झालं आणि ताई गेली. निखिल आणि मी विमानाने पापाटोएटोला गेलो. सगळं आटपल्यावर आम्ही दोघे स्टेशनजवळच्या एका हॉटेलात चहा घेत बसलो होतो, तेव्हा दोन वर्षं मनात ठेवलेलं मी त्याला सांगून टाकलं. म्हटलं, "निखिल, त्या दिवशी तिला काही माहीत नव्हतं. ती खोटं बोलली होती."

त्याला धक्का बसेल असं मला वाटलं होतं. त्याने कप खाली ठेवला.

"मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "तिचा आवाज केवढा कापत होता. माहीत असलेल्या माणसाचा आवाज असा कापत नाही. यूटवाल्याचा आवाज कसा ठाम होता, आठवतं? त्याचं ऐकून मी त्या गाडीत बसलो होतो. चिखलात उभा असताना मला वाटलं, ही बाई माझ्यापेक्षा जास्त घाबरलीय आणि तरी तिथून हलत नाहीये. म्हणून मी तिचं ऐकलं."

"मग तू सगळीकडे का सांगत सुटलास, ताईला माहीत होतं म्हणून?"

"मला वाटलं, तिला बरं वाटेल."

बाहेर ट्रेन आली आणि गेली. चहा गार झाला होता. त्याने तिच्या कापऱ्या आवाजावरच विश्वास ठेवला होता, हे तिला कोणीच कधी सांगितलं नव्हतं.